वाटा आणि थेंब

१

शिमग्याची कर जवळ आली की आकारामच्या पाठीत आधीच कळ यायची. सण सगळ्यांचा आणि राबणूक थोरल्याची, हा आपल्याकडचा जुनाच न्याय. होळीच्या पोळ्या खाऊन गाव आडवं व्हायचं. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी आकाराम मात्र मटणाचा वाटा आणायला जायचा, लाकडं फोडायचा, बैलांना पाणी दाखवायचा, आणि दुपारी सगळे हातपाय धुऊन माजघरात टेकले की सगळ्यांच्या शेवटी स्वतः टेकायचा. एकदा टेकला की त्या दिवशी त्याला कुणी उठवायचं नाही. बाप गेल्यापासून थोरलेपणाची तेवढीच एक चैन त्याच्या वाट्याला आली होती.

रहिमतपूरच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला त्यांचं घर. मातीच्या भिंती, वर कौलं, आणि माजघराच्या मधोमध लाकडी खांब, त्याला मेढ म्हणायचे. वर्षभर त्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. बनुबाई, म्हणजे आकारामची आई, वास जरी आला तरी ताट समोरून काढून घ्यायची. करीला मात्र तीच कडीकुलपातून काशाची वाटी काढायची, राखेनं घासायची आणि मेढीपाशी आणून ठेवायची. त्या एका वाटीतनं सगळ्यांनी प्यायचं. थोरल्यानं सुरुवात करायची, एक घोट घ्यायचा आणि वाटी उजव्या हाताला द्यायची. फिरून होईपर्यंत ती जमिनीला टेकता कामा नये. शेवटी तळाला राहील त्यात बनुबाई बोट बुडवून जिभेला लावायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "ह्याच्यासाठी मरता व्हय रं?"

पण पहिल्या घोटाआधी दोन कामं असायची. घरातलं जे माणूस मेलं, त्याच्या नावानं थोरल्यानं बोट बुडवून मेढीच्या बुडाशी एक थेंब टाकायचा. जे माणूस जितं आहे पण सणाला घरी नाही, त्याच्या पाटासमोर छोट्या वाटीत त्याचा वाटा ठेवायचा. लष्करातलं घर ते. बाप पहिल्या लढाईतनं माघारी आला होता, चुलत आजा आला नव्हता. त्यामुळे दोन्ही कामांना कधी खंड नव्हता. ठेवलेला वाटा दुसऱ्या दिवशी परड्यातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतायचा. ओतणारा आकारामच. वर्षानुवर्षं त्यानं तो ओतला होता, त्यात मेलेल्या दोनचार माश्यांसकट. कधी घोटभरही कमी झालेला नव्हता.

"वाटा जित्याला, थेंब मेल्याला," बनुबाई सांगायची. "दोन्ही एकाला कवाच न्हाई."

का नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. आकारामनंही विचारलं नाही. सणाच्या दिवशी दमलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

२

चव्वेचाळीस सालच्या भाद्रपदात तार आली. आकारामचा मधला भाऊ मानसिंग इटलीच्या लढाईत बेपत्ता. गावच्या मास्तरांनी तार वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"बेपत्ता म्हंजी काय वो?" बनुबाईनं विचारलं.

"म्हणजे कुठं आहे ते ठाऊक नाही."

"मग जिता हाय," ती म्हणाली आणि शेण्या थापायला निघून गेली. मानसिंगची बायको अंजना दाराआड उभी होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातला नवऱ्याचा सहवास मोजून दोन महिन्यांचा. तिनं कपाळाला हात लावून पाहिला आणि तीही सासूच्या मागोमाग गेली.

माघात उंब्रजचा लालासाहेब आला. तो मानसिंगच्याच पलटणीतला, मांडीत गोळी लागून घरी पाठवलेला. काखेत काठी आणि पिशवीत एक बाटली. तसली बाटली कुणी पाहिली नव्हती. खाली पोट सुटलेली, आणि त्या पोटाला वाळल्या गवताची विणलेली टोपली.

"वीनो हाय," लालासाहेब म्हणाला. "द्राक्षाची. तिकडं लहानपोरं बी जेवताना घेत्यात."

मग त्यानं सांगितलं. बर्फ पडत होता, साहेबलोकांच्या नाताळाचा दिवस होता, आणि हे दोघे भिजलेले शिपाई एका शेतकऱ्याच्या घरात शिरले. म्हातारीनं दोघांना चुलीपाशी बसवलं. सगळं घर एका मेजाभोवती, एकच सुरई हातोहात फिरत होती. आणि एका मोकळ्या खुर्चीसमोर भरलेला पेला तसाच ठेवलेला.

"म्हातारीचा ल्योक लढाईवर हुता. मानसिंग त्या पेल्याकडं बघतच ऱ्हायला. म्हणला, लालासाहेब, हितं बी वाटा ठेवत्यात गड्या. रडला त्या दिशी. निघताना म्हातारीनं बाटली दिली. मला दवाखान्यात घातला तवा त्यानं ती माझ्या हवाली केली. करीला घरच्या समद्यांनी मिळून प्या, म्हणला."

बनुबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. त्या सालात चळवळीतल्या पोरांनी आसपासच्या दारूच्या भट्ट्या मोडल्या होत्या, करीला काय आणायचं ही आकारामला चिंताच होती. तेवढं एक काम कमी झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

शिमग्याला आठ दिवस असताना दुसरा कागद आला. आकाराम बाजाराला रहिमतपूरला गेला होता, पोस्टातच त्याला तो मिळाला, तिथंच त्यानं वाचून घेतला. शिपाई मानसिंग यास मृत समजण्यात यावे. त्यानं कागदाची घडी फेट्यात खोवली, घरी आल्यावर आढ्याच्या वाशात सारली. सण होऊन जाऊ दे, मग सांगू. आई बाटली पुसत होती. अंजना कधी नव्हे ती गुणगुणत होती. ह्या दोघींना आज मारण्यापेक्षा पंधरा दिवसांनी मारावं, एवढाच त्याचा विचार होता.

करीला तिघं बसले. मेढीला लागून आकाराम, त्याच्या उजवीकडं धाकटा ज्ञानू, मग पाहुणा लालासाहेब. त्यानंतर मेढीपर्यंत मानसिंगचा रिकामा पाट. बनुबाईनं पाटासमोर छोटी वाटी ठेवली, काठोकाठ. लालभडक दिसत होती ती दारू.

आकारामनं बोट बुडवलं. आज्याचा थेंब टाकला. चुलत आज्याचा टाकला. बापाचा टाकला. आणि बोट चौथ्यांदा वाटीत गेलं. आपण ठरवून केलं की हातानं केलं, हे पुढं कित्येक वेळा त्यानं स्वतःला विचारलं. ओठांतल्या ओठांत त्यानं नाव घेतलं, "मानसिंग," आणि थेंब मेढीच्या बुडाशी पडला. वाटा आईच्या समाधानाला, थेंब मेलेल्याच्या तहानेला. दोघांचंही राहिलं. दमलेल्या माणसाला असली तडजोड फार शहाणपणाची वाटते.

३

उन्हं कलल्यावर आकाराम माजघरात आला. लालासाहेब पडवीत घोरत होता. मानसिंगच्या पाटासमोरची वाटी रिकामी होती.

मांजर, त्याला वाटलं. मग आठवलं, मांजर दारूला तोंड लावत नाही. मग वाटलं, ज्ञानू. पण ज्ञानू जेवण झाल्याबरोबर रंग खेळायला गेला होता. त्यानं वाटी उचलून उजेडाला धरली. काठाला लाल ओघळ नव्हता. धुतल्यागत स्वच्छ होती. तळाला फक्त चिमूटभर माती होती. करडी, चिकट, ओली माती.

फाल्गुनात त्यांच्या शिवारात ओली माती मिळवायची तर विहिरीत उतरावं लागलं असतं, आणि तीही काळी. आकारामनं माती बोटावर घेतली, वास घेतला. पावसाचा वास होता. कुणीतरी पायानं आणली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि आई यायच्या आत वाटी स्वतःच धुऊन ठेवली. घरातल्या बाप्यानं भांडं धुतलं, एवढंच खरं तर त्या दिवशी कुणाला खटकायला हवं होतं.

मेढीच्या बुडाशी तीन थेंब केव्हाच वाळून गेले होते. चौथ्याचा डाग ओला होता. आठवड्यानं आकारामच्या बायकोनं, मनुबाईनं, माजघर सारवलं. सारवण वाळलं, डाग तेवढा वर आला. "हितं कुठनं ओल येतीया?" ती म्हणाली. आकारामनं त्यावर जोंधळ्याचं पोतं आणून ठेवलं. महिन्यानं पोतं हलवलं तर पोत्याचं बूड कोरडं खडखडीत, आणि खाली डाग ओला.

तो कागद त्यानं आईला दाखवला नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला, मग सांगायची वेळ निघूनच गेली. खोटं बोलायला माणूस दमत नाही, ते सांभाळायला दमतो. आकाराम त्या वर्षी फार दमला.

४

पुढच्या करीला त्यानं पक्कं ठरवलं, थेंब तीनच. आईनं नेहमीप्रमाणे मानसिंगचा वाटा ठेवला. त्यानं तीन थेंब टाकले आणि बोट धोतराला पुसलं.

वीनो आता आंबायला लागली होती. आकारामनं घोट घेतला, डोळे मिटले. ज्ञानूनं घेतला. लालासाहेब खास उंब्रजहून आला होता, त्यानं घेतला. वाटी अजून त्याच्या हातात होती आणि माजघर अगदी शांत होतं, तेवढ्यात चौथा घोट ऐकू आला. घशातनं उतरताना येतो तसा, स्वच्छ आवाज.

"दुसऱ्यांदा कोण घेतंय रं?" ज्ञानू हसून म्हणाला आणि त्यानं वाटीकडं पाहिलं. मग लालासाहेबाकडं. मग त्याचं हसू गेलं आणि तो भाकरी मोडायला लागला.

छोटी वाटी लालासाहेबाच्या उजवीकडं होती. आकारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं नाही तर ती भरलेली असू शकत होती.

संध्याकाळी तो गोठ्यातनं आला तेव्हा अंजना परड्यात भांडी घासत होती. एरवी ती थोरल्या दिरासमोर पदर सावरून बाजूला व्हायची. त्या दिवशी उठली नाही. छोटी वाटी तिच्या हातात होती.

"दादा, गेल्या साली तुमी धुतली. औंदा मी धुती," ती म्हणाली. वाटीतली करडी माती तिनं अंगठ्यानं काढून वाहत्या पाण्यात सोडली. "एक इचारू?"

"इचार की."

"माझा बा आलाय. काकाच्या वळखीत एक जागा हाय, म्हणतोय. बिजवर हाय, पर माणूस बरा हाय. आत्ती म्हणत्यात ल्योक जिता हाय. ही वाटी म्हणतीया काय निराळंच." तिनं वाटी पालथी घातली. "मी कुकू लावू का पुसू? एक कायतरी सांगा. दोन्ही सांगू नगा."

आकारामच्या तोंडाशी आलं होतं. वाशात कागद होता, हात वर केला की मिळाला असता. पण कागद काढला तर थेंब सांगावा लागला असता, आणि थेंब सांगितला तर आईच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं.

"लाव," तो म्हणाला.

अंजनानं मान हलवली. बापाला तिनं दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. आपण एका पोरीचं आयुष्य एका शब्दात अडकवून ठेवलं, हे आकारामला कळत होतं. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवला, कारण नांगर धरायचा होता.

५

सत्तेचाळीसच्या माघात पुण्याच्या लष्करी दवाखान्यातनं पत्र आलं. मानसिंग जिवंत होता. डोक्याला मार लागून दोन वर्षं त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, तिकडच्याच कुठल्याशा दवाखान्यात पडून होता. आता बरा होता. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात घरी पाठवत होते.

"म्या म्हणलं न्हवतं?" बनुबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. आकारामनं वाशातला कागद काढून चुलीत घातला. कागद जळाला, आणि त्याच्या खांद्यावरनं काहीच उतरलं नाही.

तो बैलगाडी घेऊन रहिमतपूर स्टेशनवर गेला. मानसिंग वाळून काठी झाला होता. कानाच्या वर करंगळीएवढा व्रण. त्यानं वाकून पाया पडायचं म्हटलं, आकारामनं त्याला वाकू दिलं नाही, छातीशी धरलं. खरा होता. घामाचा वास खरा होता.

वाटेत मानसिंग उसाकडं बघत आपणहून बोलायला लागला.

"दादा, माझं मलाच नाव ठावं न्हवतं बघा. पर आपल्या शिमग्याच्या सुमाराला, एक दिशी दुपारचं, तोंडाला त्या वीनोची चव आली. मला वाटलं, कुणीतरी कुठंतरी माझा वाटा ठेवलाय. कोण ते आठवंना. पर त्या चवीवर जगलो मी. आणि त्याच दिशी तोंडात माती बी आली."

आकारामनं बैलांकडं बघत विचारलं, "माती?"

"व्हय. ओली माती. सिस्टर कापूस घालून काढायची. म्हणायची, खिडकी बंद, दार बंद, आणतोस कुठनं? आठ दिस श्वास घेता आला न्हाई. मरत हुतो." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "दुसऱ्या साली वाट बघितली. माती न्हाई आली. पर चव बी न्हाई आली. तवा वाटलं, घरच्यांनी माझा वाटा ठेवायचा सोडला."

"ठेवला हुता," आकाराम म्हणाला. "आयेनं तुझ्या पाटाम्होरं ठेवला हुता. वाटी रिकामी झालेली म्या बघितली."

"मग कुणी पिला, दादा?" मानसिंग हसला.

गाडी ओढ्यात उतरली, बैलांनी पाण्यात तोंड घातलं. त्यांच्या पिण्याचा आवाज आला तसा आकारामनं कासरा ओढला.

६

त्या करीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती, पण बैठकीला चौघंच. आकाराम, ज्ञानू, लालासाहेब, आणि आपल्या पाटावर मानसिंग. अंजना दारात उभी होती. रुपयाएवढं कुंकू लावलं होतं तिनं. बाटलीत तळाला जेमतेम एक वाटी उरली होती.

"औंदा वाटा न्हाई," बनुबाई म्हणाली. "समदी घरात हायती."

आकारामनं तीन थेंब टाकले. घोट घेतला. वीनोचा पुरता शिर्का झाला होता, तरी कुणी नाक मुरडलं नाही. ज्ञानूनं घेतला, लालासाहेबानं घेतला. मानसिंगनं वाटी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि प्याला. बनुबाईनं डोळ्यांना पदर लावला.

आकाराम घोट मोजत होता. चार झाले. त्यानं सुस्कारा सोडला, आणि पाचवा ऐकू आला.

तो लांबलचक होता, पण कोरडा. पाणी आटलेल्या रांजणातनं तांब्या खरवडावा तसा. पुन्हा आला. मानसिंग खोकला. तोंडाशी हात नेला, आणि हातावर करडी माती पडली. तो काही बोलायला गेला तर आणखी पडली. ज्ञानू उठून त्याच्या पाठीत थापट्या मारायला लागला, लालासाहेब पाणी मागायला लागला. मानसिंगचा चेहरा काळा पडत चालला होता.

मानसिंगचा पाट आणि मेढ यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती. आकाराम मेढीच्या अलीकडं बसला होता, म्हणून त्यालाच तेवढं दिसलं. पंगतीला उशिरा आलेला माणूस अंग चोरून बसतो तसं तिथं कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. हात पुढं केलेला, तळव्याचा खळगा वर, वाटी घेण्यासाठी. बोटं करडी होती. करंगळीचं पेर वाकडं होतं, लहानपणी मोटेच्या दोरात सापडलेलं मानसिंगचं होतं तसंच. मनगटाच्या वर आकारामनं पाहिलं नाही.

"आकाराम," बनुबाई म्हणाली. तिला काही दिसत नव्हतं. ती मेढीच्या बुडाकडं, त्या ओल्या डागाकडं बघत होती. "ह्याच्या नावानं थेंब कुणी टाकला रं?"

"म्या, आये."

तिनं आवाज चढवला नाही. "टाकलेला थेंब माघारी घेता येत न्हाई," एवढंच म्हणाली, आणि दारातल्या अंजनानं चौकट घट्ट धरली.

आकारामनं मानसिंगच्या हातातली वाटी काढून घेतली. तळाला बोट बुडेल एवढंच उरलं होतं. हात अजून पुढं केलेला होता. वाटा द्यावा तर तो मानसिंगचा. थेंब द्यावा तर तोही मानसिंगच्या नावाचा, आणि तो पडला की समोर श्वासाला तडफडणारा भाऊ जायचा. जे आलं होतं त्याला ह्या घरातलं एकच नाव माहीत होतं, कारण आकारामनंच ते दिलं होतं. दुसरं नाव द्यायला हवं होतं, आणि घरातलं प्रत्येक नाव दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आपल्या मालकीचं त्याच्याकडं एकच होतं.

त्याला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा थकवा जास्त होता. दोन वर्षं तो हे ओझं एकटा वाहत होता आणि आता ते कुठंतरी ठेवायला मिळत होतं.

त्यानं बोट बुडवलं, ओल्या डागावर थेंब टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आकाराम."

मानसिंगनं घरघर करत श्वास ओढला. अंजना धावत आत आली, कुणाची लाज न धरता तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मेढीच्या बुडाशी दोन वर्षं ओला असलेला डाग बघता बघता वाळून गेला. हातभर जागेत कुणी नव्हतं.

७

त्यानंतरचं वर्ष घराला चांगलं गेलं. मानसिंगच्या अंगावर मांस चढलं. अंजनाला दिवस गेले. बनुबाई सुनेला जमिनीला पाय टेकवू देईना.

आकारामचंही बरंच चाललं आहे, असं लोक म्हणायचे. तो ओढ्यावर गेला की तिथं कुणीतरी म्हणायचं, "आत्ता तर तुला वरच्या रानात बघितला की रं." वरच्या रानात जावं तर कुळवाची पाळी घालून झालेली असायची, सरळ, त्याच्याच हाताची. एकदा दुपारी तो जेवायला आला तर मनुबाई चुलीवरनं तवा उतरवत होती.

"आवं, आत्ताच तर जेवून उठलासा," ती म्हणाली.

तिनं थट्टा केली असेल म्हणून तो थोडा वेळ उभा राहिला. ताट खरोखरच उष्टं होतं. काठाला करडी माती लागली होती. तो उपाशीपोटी पडवीत आडवा झाला आणि त्याला गाढ झोप लागली. हल्ली त्याला झोप फार यायची. हाक मारली तर लोक दुसऱ्याच बाजूला वळून ओ द्यायचे. ह्या सगळ्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटायचंही, पण लांबून, पलीकडच्या गावातल्या मयताचं वाटावं तसं.

मग शिमगा आला. करीच्या सकाळी आकाराम उठला तेव्हा मटणाचा वाटा आलेला होता. लाकडं फोडून रचलेली होती. बैलांच्या तोंडाला पाणी लागलेलं होतं.

दुपारी चौघं बसले. मानसिंगनं ओळखीच्या हवालदाराकडनं रम आणली होती. बनुबाईनं काशाची वाटी भरली आणि मेढीपाशी ठेवली. आकारामनं वाटी उचलली, तीन थेंब टाकले. चौथा टाकावा का, असं क्षणभर वाटलं, पण स्वतःच्या हातानं ते दुसऱ्यांदा होईना. त्यानं वाटी तोंडाकडं नेली.

ओठाला लागायच्या आधीच घोट ऐकू आला. अगदी जवळ, त्याच्या डाव्या अंगाला, मेढीपाशी. वाटी हातात हलकी झाली. त्यानं तिच्यात पाहिलं. एक घोट कमी झाला होता, आणि तळाला माती बसत होती.

"आकाराम," बनुबाईनं विचारलं, "ब्येस लागली का रं?"

"व्हय आये. लय दिसांनी."

आवाज त्याचाच होता. आकारामनं तोंड उघडलं नव्हतं. बनुबाई हसली, पण त्याच्याकडं बघून नाही, त्याच्या किंचित डावीकडं बघून. अंजना पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिनंही तिकडंच पाहिलं, आणि पदर सावरून, थोरल्या दिरासमोर व्हायची तशी बाजूला झाली. एक हात त्याच्या छातीवरनं पुढं आला, त्यानं वाटी अलगद घेतली आणि उजवीकडं ज्ञानूला दिली. ज्ञानूनं ती घेतली आणि प्याला.

आकारामला सांगायचं होतं. पण जिभेवर ओली, पावसाच्या वासाची माती आली होती, आणि उठावं म्हटलं तर पाय कुठं आहेत ते कळेना. समोर मानसिंग कसलीशी जुनी गोष्ट सांगून हसत होता. सगळी घरात होती. आकाराम मेढीला पाठ लावून बसून राहिला. करीला एकदा टेकलेल्या थोरल्याला कुणी उठवत नाही.